मागच्या सीटवरून: दोघांच्या पहिल्या किनारी बाइक सहलीची तयारी

बाइक सहलींबद्दलचं बहुतेक लिखाण हँडल धरणाऱ्यांनी केलेलं असतं. त्यात इंजिन असतं, टॉर्क असतो, एका दमात किती किलोमीटर मारले ते असतं. मागे बसलेलं माणूस ‘पिलियन’ या एका शब्दात आटोपतं. मी आठ वर्षं त्या मागच्या सीटवर बसतेय. अधूनमधून पुढेही बसते, पण जे काही शिकले ते मागेच.

आमची पहिली शनिवार-रविवारची किनारी सहल भांडणात संपली. पहिल्याच दिवशी २६० किलोमीटर आणि जेमतेम दोन थांबे. संध्याकाळी उतरले तेव्हा गुडघे माझे वाटत नव्हते, आणि नवरा मात्र ‘काय रस्ता होता!’ म्हणत होता. दुसऱ्या दिवशी त्याला सहज विचारलं, त्या दीपगृहाच्या वळणावरून खाली दिसणाऱ्या होड्या पाहिल्यास का? नव्हत्या पाहिल्या. दीपगृहही नव्हतं पाहिलं. पाहणार कसं? गाडी चालवणाऱ्याची नजर रस्त्यावरच हवी. म्हणजे समुद्रकाठच्या रस्त्यावर अख्खा दिवस घालवून मी फक्त दुखणी गोळा केली होती आणि त्याने फक्त डांबर.

तेव्हापासून आमच्याकडे एक नियम आहे. सहल मागच्याच्या अंगाला झेपेल तेवढी आखायची, आणि थांबे पुढच्याच्या डोळ्यांसाठी ठेवायचे. खाली जे लिहिलंय ते सगळं या नियमातूनच आलंय.

तीन आठवडे आधी: सवय

रोज दोघं बाइकवरून फिरत असलात तरी कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंतची दहा मिनिटं आणि वळणावळणाचा सलग एक तास यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. सरावाला तीन सुट्ट्या द्या.

पहिल्या दिवशी रिकामं मैदान किंवा मोकळी पार्किंगची जागा गाठा. मागे माणूस बसलं की वजन वर सरकतं आणि मागे सरकतं. त्यामुळे सुटताना पुढचं चाक हलकं लागतं, हळू वेगात वळताना गाडी एका बाजूला झुकायला बघते, आणि थांबायला जास्त जागा लागते. हे वाचून कळत नाही, हाताला कळावं लागतं. अर्धा तास फक्त सुटणं, थांबणं आणि पायाच्या चालीने यू-टर्न. मग ताशी ३०-४० वरून जोरात ब्रेक. इथे मागच्याचं हेल्मेट पुढच्याच्या हेल्मेटवर ‘टॉक’ करून आपटेल. आपटू दे. हा आवाज कमी होत गेला की समजायचं, पुढच्याचा ब्रेक मऊ होतोय आणि मागचा सावध होतोय.

चढण्या-उतरण्याची रीत याच दिवशी पक्की करा. थांबलेल्या बाइक बऱ्याचदा पडतात त्या याच वेळी. पुढच्याने दोन्ही पाय जमिनीवर रोवायचे, पुढचा ब्रेक दाबून धरायचा. मागच्याने ‘चढू?’ विचारायचं आणि ‘चढ’ ऐकू आल्याशिवाय फूटरेस्टला पाय लावायचा नाही. खांद्यावर हात ठेवून अंग गाडीच्या मध्याकडे झुकवत वर यायचं, बाहेर लटकत नाही. उतरतानाही आधी विचारायचं. मी एकदा न विचारता उतरले होते, आणि आम्ही तिघं, म्हणजे मी, नवरा आणि गाडी, पेट्रोल पंपावर सगळ्यांसमोर आडवे झालो. सामान लावल्यावर पाय टाकायला जागा कमी उरते, म्हणून ही कवायत एकदा सामानासकट करा.

दुसऱ्या सुट्टीला ४०-५० किलोमीटरची वळणांची फेरी. तिसऱ्या सुट्टीला पूर्ण सामान बांधून शंभरेक किलोमीटर. या तिसऱ्या फेरीत जे जे दुखेल, टोचेल, फडफडेल ते घरी आल्यावर लिहून काढा. खरी तयारी म्हणजे ती यादी.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगते. ज्याला एकट्याने वळणाचा रस्ता अजून सहज जमत नाही, त्याने मागे कुणाला बसवून अशा रस्त्यावर जाऊ नये. आणि ज्याला मागे बसायची भीती वाटते त्याला ‘चल, काही होत नाही’ म्हणून नेऊ नये. घाबरलेलं माणूस वळणावर उलट्या बाजूला झुकतं, आणि ते गाडीला थेट जाणवतं.

अंतर आणि दिशा

किनारी रस्ते सरळ जात नाहीत. प्रत्येक खाडीला वळसा, प्रत्येक टेकडीला चढ-उतार, मध्येच कोळीवस्तीतली अरुंद गल्ली. नकाशावर बोटाने मोजलेलं अंतर आणि चाकाखालून जाणारं अंतर यात दुपटीचाही फरक पडू शकतो. मी छोटे थांबे धरून ताशी ३५ ते ४० किलोमीटरचा हिशेब करते. म्हणजे दीडशे किलोमीटरला चार-साडेचार तास, आणि समुद्र पाहायचे मोठे थांबे त्यावर वेगळे. पहिल्या सहलीला एका दिवसात दीडशे खूप झाले. दुसऱ्या दिवशी त्याहून कमी, कारण शरीर आदल्या दिवशीचं देणं दुसऱ्या दिवशी वसूल करतं.

दिशेकडे नवीन लोक लक्षच देत नाहीत. समुद्र तुमच्या लेनच्या बाजूला येईल अशा दिशेने किनारा धरा. वाहतूक डावीकडून चालत असेल तर समुद्र डाव्या हाताला, उजवीकडून चालत असेल तर उजव्या. मग मध्ये समोरची लेन येत नाही, आणि थांबायच्या जागांसाठी समोरून येणाऱ्या गाड्यांना आडवं जावं लागत नाही. ऑस्ट्रेलियातला ग्रेट ओशन रोड पूर्वेकडून पश्चिमेकडे आणि कॅलिफोर्नियाचा हायवे १ उत्तरेकडून दक्षिणेकडे करा असं सांगतात ते याचसाठी. तोटाही आहे: कडा आणि वारा दोन्ही जवळ येतात. उंचीची धास्ती असणाऱ्याने हे आधीच सांगावं, लाजू नये.

परतीला तोच रस्ता नको. दुसऱ्या दिवशी अंग थकलेलं असतं आणि समुद्र पलीकडच्या बाजूला गेलेला असतो. आतला, सरळ आणि कमी वाऱ्याचा रस्ता धरा आणि उजेडात घरी पोचा.

वारा, ऊन, भरती

शाळेत भूगोलाला खारे वारे आणि मतलई वारे पाठ केले होते, आठवतंय? दोन गुणांच्या प्रश्नासाठी केलेलं ते पाठांतर आता उपयोगी पडणार आहे. दिवसा जमीन समुद्रापेक्षा लवकर तापते, तिच्यावरची हवा वर जाते आणि समुद्राकडची थंड हवा आत घुसते, ते खारे वारे. सकाळ कलताना सुरू होतात, दुपारी जोर धरतात, संध्याकाळी पडतात. रात्री उलटं: जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारे, पण ते बहुधा मवाळ. बाइकस्वारासाठी याचा अर्थ एवढाच की किनाऱ्याचा उघडा भाग सकाळी उरकायचा. सातला निघा, एकच्या सुमारास मुक्कामी पोचा. दुपारचा वारा खिडकीतून पाहायला छान असतो.

वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा धक्का चौपट होतो. दोन माणसं आणि सामान म्हणजे वाऱ्याला ढकलायला मोठी भिंतच. त्यामुळे अंदाजात सरासरी वेगापेक्षा झोताचा वेग पाहा. वादळाचा, मोठ्या लाटांचा किंवा मुसळधार पावसाचा इशारा असेल तर सहल पुढे ढकला. खोली रद्द करण्याची मुभा असलेलं आरक्षण घेतलंत तर हा निर्णय सोपा जातो. पैसे अडकले असले की माणसं ढगाकडे बघूनही ‘जाईल निघून’ म्हणतात.

उन्हाचं गणित वेगळंच. सूर्य क्षितिजाजवळ असताना त्याच्या दिशेने गाडी चालवणं टाळायचं. समोरच्या वळणावरची वाळू तेव्हा दिसत नाही. आणि सूर्य तुमच्या पाठीशी असेल तर समोरून येणाऱ्याला तुम्ही दिसत नाही, ही दुसरी बाजू लोक विसरतात.

भरतीचं वेळापत्रक पाहून ठेवा. बहुतेक किनाऱ्यांवर दोन भरत्यांमध्ये साधारण बारा तास पंचवीस मिनिटं असतात, म्हणून भरतीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं. पाण्यालगतचे सखल रस्ते, फरशीचे पूल आणि खाडी ओलांडणाऱ्या बोटी या सगळ्यांवर त्याचा परिणाम होतो.

गाडी

मॅन्युअल काढा. कपाटातून, माळ्यावरून, जिथे असेल तिथून. त्यात दोन आकडे हवेत.

एक, गाडी एकूण किती ओझं वाहू शकते. त्यात दोघांचं वजन, अंगावरचे जाड कपडे, हेल्मेट, बॅगा, वरून बसवलेले बॉक्स आणि लोखंडी गार्ड सगळं धरायचं. ७५ किलोचा चालवणारा, ६० किलोची मागची, दोघांचं संरक्षक सामान १२, बॅगा १५, बॉक्स आणि स्टँड ८: झाले १७०. बऱ्याच मध्यम गाड्यांची मर्यादा इथेच कुठेतरी संपते.

दुसरा आकडा टायरच्या हवेचा. एकट्यासाठी वेगळा आणि दोघांसाठी वेगळा असतो. मागच्या टायरला दोघांसाठी जास्त हवा लागते. ती टायर थंड असताना मोजायची. दहा किलोमीटर चालवून पंपावर मोजलेला आकडा जास्तच येतो आणि तुम्ही फसता. छोटा प्रेशर गेज सोबत असावा.

मग मागचा शॉकअब. दोघं बसल्यावर गाडी मागे दबते, हँडल सुस्त लागतं आणि हेडलाइटचा झोत वर जाऊन समोरच्याच्या डोळ्यांत शिरतो. बहुतेक गाड्यांना स्प्रिंग घट्ट करायची सोय असते, त्याला प्रीलोड म्हणतात. टूलकिटमधला तो विचित्र वाकडा पाना त्यासाठीच असतो. एक-दोन खाचा वाढवा, चालवून बघा. मागच्याच्या कण्याला दर खड्ड्यात हिसका बसत असेल तर आधी हेच तपासायचं. झोत तरीही वर जात असेल तर तो खाली करा.

चेनची ढील दोघं बसल्यावर पाहा, कारण मागचं चाक वर दबलं की चेन ताणली जाते. एकट्याला योग्य वाटणारी चेन दोघांना अति टाइट होऊ शकते. किती ढील हवी ते मॅन्युअलमध्ये मिलिमीटरमध्ये दिलेलं असतं. ब्रेक पॅड, ब्रेक ऑइल, टायरची नक्षी, सगळे दिवे हे नेहमीचं. सर्व्हिसिंग करायचं असेल तर निदान आठवडाभर आधी करा. आदल्या संध्याकाळी गॅरेजमधून आलेली गाडी थेट लांबच्या प्रवासाला नेऊ नये. आमच्या गाडीच्या मागच्या ब्रेकचा एक बोल्ट असाच ढिला राहिला होता, तो आम्हाला घराजवळच्या फेरीत सापडला. किनाऱ्यावर सापडला असता तर हा लेख वेगळा झाला असता.

ट्यूबलेस टायरचं पंक्चर किट आणि छोटा पंप घ्या आणि ते वापरायचं कसं हे घरी एकदा करून पाहा. ट्यूबचे टायर असतील तर चाक काढावं लागतं, ते येत नसेल तर मदतीचा नंबर हाताशी हवा. पेट्रोल टाकी अर्धी झाली की भरायची. दोघांच्या वजनाने आणि समोरच्या वाऱ्याने गाडी नेहमीपेक्षा जास्त पिते.

सामान

दोन रात्री नाहीत, एक रात्र आहे. हे वाक्य बॅग भरताना मोठ्याने म्हणा.

जड वस्तू खाली आणि मध्याजवळ. दोन्ही बाजूंच्या सॅडल बॅगा जवळपास सारख्या वजनाच्या. मागच्या कॅरिअरवर फक्त हलकं, म्हणजे रेनकोट आणि कपडे. तिथे जड बॅग बांधली की ती मागच्या चाकाच्याही मागे लटकते आणि पुढचं चाक आणखी हलकं करते. पाठीवरची सॅक कुणीच घेऊ नये. पुढच्याने घेतली तर ती माझ्या पोटात रुततेच, मागच्याने घेतली तर दर खड्ड्याला खांदे ओढले जातात. तासाभराने त्या सॅकचं वजन तिप्पट होतं, शपथेवर सांगते.

बांधायला बक्कलचे रुंद पट्टे वापरा. हुकवाले रबरी बंजी सुटले की सरळ डोळ्याकडे येतात. पट्ट्याची लोंबती टोकं आत खोचा. चाकात किंवा चेनमध्ये गेलेला पट्टा मागचं चाक जाम करू शकतो. सायलेन्सरपासून बॅग निदान हातभर दूर. कपडे आधी जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत आणि मग बॅगेत, कारण ‘वॉटरप्रूफ’ हा शब्द बॅगेवर छापणं फार सोपं असतं. पहिल्या वीस किलोमीटरनंतर थांबून सगळे पट्टे पुन्हा ओढायचे. दर वेळी काहीतरी ढिलं झालेलं सापडतंच.

अंगावर

दोघांना सारखंच. बहुतेक जोडप्यांत पुढचा जॅकेट, ग्लोव्हज, बूट घालून असतो आणि मागचा टी-शर्ट आणि सँडलमध्ये. रस्ता मात्र दोघांना सारखाच खरवडतो. पूर्ण चेहऱ्याचं, गालांना घट्ट बसणारं, प्रमाणित हेल्मेट. पट्टा लावून मागून पुढे ढकललं तरी न निघणारं. पॅड असलेलं जॅकेट, पूर्ण ग्लोव्हज, घोट्याच्या वर जाणारे बूट, जाड पँट. मागच्याची पोटरी सायलेन्सरच्या जवळ असते, हे तिथला डाग मिरवणारी मी सांगतेय. ओढणी, स्कार्फ, लांब नाड्या, मोकळे केस सगळं जॅकेटच्या आत.

समुद्राच्या वाऱ्यात ऊन लागतंय हे कळत नाही आणि घाम वाळून जातो म्हणून तहान कळत नाही. मान आणि मनगटं हमखास भाजतात. सनस्क्रीन लावा, दर थांब्याला पाणी प्या. इअरप्लगची सवय असेल आणि तिथल्या नियमांत बसत असेल तर वापरा. वाऱ्याचा आवाज माणसाला किती दमवतो ते तो बंद झाल्यावरच कळतं.

व्हायझरवर खाऱ्या तुषारांचा पातळ थर बसतो. तो कोरड्या फडक्याने पुसू नका, मिठाचे कण काचेवर ओरखडे काढतात. ओल्या फडक्याने भिजवून टिपायचा. एक ओलं फडकं झिपच्या पिशवीत ठेवा. आमच्या सामानातली सर्वात स्वस्त आणि सर्वात जास्त वापरली जाणारी वस्तू तीच.

करार

हेल्मेटमधून बोलायचा इंटरकॉम असेल तर उत्तम, पण तो बंद पडतो. खुणा ठरवा आणि त्या कमी ठेवा. आमच्या चारच आहेत. खांद्यावर एक थाप: पुढच्या सोयीच्या जागी थांब. दोन थापा: वेग कमी कर. सलग थापा: आत्ता, सुरक्षित दिसेल तिथे लगेच थांब. मांडीवर हलका चिमटा: ठीक आहे, मजा येतेय.

यातल्या दोन थापांवर वाद होत नाही. ‘अगं पण मी साठवरच होतो’ हे थांबल्यावर बोलायचं. आधी वेग खाली. मागच्याला रस्ता नीट दिसत नाही, वेग हातात नाही, ब्रेकची वेळ आधी कळत नाही. त्यामुळे त्याला भीती लवकर वाटते आणि ती वाटणं रास्त आहे. उलट बाजूने, मागच्यानेही चालवणाऱ्याला वळणाच्या मध्यावर काही दाखवायचं नाही. डॉल्फिन दिसला तरी नाही. थांबल्यावर सांगायचं.

रस्त्यावर

वळणावर मागच्याने फक्त एक करायचं: ज्या बाजूला वळण, त्या बाजूच्या खांद्यावरून पुढे बघायचं. अंग आपोआप योग्य तेवढंच झुकतं. जास्त झुकायचं नाही, उलट तर नाहीच नाही. एक हात पुढच्याच्या कमरेला, एक मागच्या ग्रॅब रेलला, म्हणजे सीटमागच्या दांड्याला. ब्रेक लागतोय असं दिसलं की कमरेचा हात टाकीवर टेकवायचा आणि मांड्या आवळायच्या. थांबल्यावर मागच्याने पाय खाली सोडायचे नाहीत. सिग्नललाही नाही.

चालवणाऱ्यासाठी: वेग वळणाच्या आधी कमी करा, वळणात नाही. किनारी रस्त्यांवरची बरीच वळणं कड्यामुळे आंधळी असतात. जेवढा रस्ता दिसतोय तेवढ्यात थांबता येईल असाच वेग हवा. समोरच्या लेनकडे झुकणाऱ्या वळणात चाकं आपल्या लेनमध्ये असली तरी दोघांची डोकी आणि एखादी सॅडल बॅग मधली रेषा ओलांडू शकतात. त्यासाठी मधल्या रेषेपासून जागा सोडा. पुढच्या गाडीपासून तीन सेकंदांचं अंतर, ओल्या रस्त्यावर त्याहून जास्त. ताशी ६० ला तीन सेकंद म्हणजे ५० मीटर. रस्त्यावर इतकी जागा ठेवली की मागून येणारे हॉर्न वाजवतात. वाजवू द्या, आणि जागा मिळाली की पुढे जाऊ द्या.

आणि आता तीन गोष्टी ज्या इथेच भेटतात.

वाळू. वाऱ्याने रस्त्यावर येते आणि नेमकी वळणाच्या आतल्या कडेला साचते. रंग डांबरापेक्षा फिकट असतो, पण सावलीत दिसत नाही. वाळूवर पोचण्याआधी वेग उतरवा. वर असताना गाडी सरळ ठेवा, ब्रेक नाही, झटका नाही, नजर पलीकडच्या स्वच्छ डांबरावर.

माशांच्या गाड्यांचं पाणी. बंदराजवळच्या चढावर आणि वळणावर ते सांडलेलं असतं, तेलकट असतं, आणि नुसतं ओलं दिसतं म्हणून माणूस गाफील राहतो. वास आला की वेग कमी करा. इथे नाक डोळ्यांच्या आधी काम करतं.

झोत. टेकडीच्या आडोशातून पूल किंवा उघडा कडा आला की वारा एकदम बाजूने येतो. नॉर्वेतल्या १९८९ साली सुरू झालेल्या अटलांटिक रोडवर आठ पूल एका बेटावरून दुसऱ्या बेटावर उड्या मारत जातात, तिथे हे किती वेळा होत असेल विचार करा. पुलाच्या आधी वेग उतरवा, हँडल सैल धरा, टाकी गुडघ्यांनी धरा, लेनच्या मध्यावर राहा. घट्ट धरलेलं हँडल वाऱ्याचा प्रत्येक झोत थेट पुढच्या चाकाला पोचवतं. मागच्याने या वेळी पुढच्याला बिलगून बसायचं. दोघांमध्ये फट राहिली की वारा तिथे शिरतो. मोठ्या ट्रकला ओलांडताना आधी वारा अडतो आणि मग एकदम परत येतो, त्याची तयारी ठेवा.

थांबे

पहिला थांबा ४०-५० मिनिटांनी, मग साधारण तासाला एक. मला गरज वाटो न वाटो. मागच्या सीटवर गरज वाटेपर्यंत थांबलात तर उशीर झालेला असतो. थांबल्यावर आधी पुढच्याने पाच मिनिटं नुसता समुद्र पाहायचा. फोन नाही, नकाशा नाही, टायरला लाथ नाही. तो वेळ त्याचा. त्यानंतर मी त्याला गेल्या तासाभरात काय काय दिसलं ते सांगते.

गाडी लावण्याचीही रीत आहे. उतारावर नाक चढाकडे आणि पहिल्या गिअरमध्ये, नाहीतर ती स्टँडवरून पुढे घरंगळते. मऊ जमिनीत साइड स्टँड हळूहळू रुततो. त्याखाली ठेवायला लाकडाचा चपटा तुकडा किंवा चेपलेला डबा सोबत असू द्या. वारा जोराचा असेल तर तो गाडीला स्टँडच्या बाजूला ढकलेल अशी उभी करा. स्टँड डावीकडे असतो, तेव्हा वारा उजवीकडून हवा. अशा जागी कव्हर घालू नका, त्याचं शीड होतं.

पुळणीवर गाडी नेऊ नका. फोटो छान येतो हे मान्य. पण दोघांच्या वजनाची गाडी ओल्या वाळूत रुतली की ती बाहेर काढेपर्यंत भरती थांबत नाही, आणि बऱ्याच किनाऱ्यांवर वाहन नेणं बेकायदा असतं.

खाडी ओलांडायला बोट असेल तर मागच्याने चढण्याआधीच उतरायचं. ओल्या लोखंडी पट्टीवर दोघं नको. बोटीत गाडी गिअरमध्ये ठेवा, बांधायला सांगा, बांधत नसतील तर धरून उभे राहा.

परत आल्यावर

मीठ हवेतली ओल धरून ठेवतं, त्यामुळे कोरडी दिसणारी गाडीही आतून गंजत राहते. ‘उद्या धुऊ’ म्हणायचं नाही. इंजिन गार झाल्यावर साध्या पाण्याने, कमी जोराच्या धारेने, खालून वर: रिम, स्पोक, चेन, शॉकअब, सायलेन्सर, स्टँडचे सांधे. प्रेशर वॉशरची धार चाकांच्या बेअरिंगवर, चेनवर आणि वायरिंगच्या जोडांवर मारू नका, ती खारं पाणी आत ढकलते. मग फडक्याने कोरडी करा. प्रीलोड आणि हवा एकट्याच्या आकड्यावर परत आणा, नाहीतर सोमवारी ऑफिसला जाताना गाडी उड्या मारेल.

धुतल्यावर एक छोटी फेरी मारून आणायची. त्यात ब्रेक सुकतात, डिस्कवरचा तांबूस थर निघतो, चेन गरम होते. या फेरीला हँडल माझ्याकडे असतं आणि तो मागे बसतो. चौकापर्यंत पोचेस्तोवर निदान एकदा तरी माझ्या खांद्यावर दोन थापा पडतात. घरी येऊन गरम चेनला ल्यूब लावायचं काम मात्र त्याचं.